कंट्रोलरने गाडी सोडली, पुढे घाट आहे

कराडचे काका,

डोंगरातल्या विमान अपघातांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांचा पुतण्या पायलट आहे. त्यांचं म्हणणं असं: रडारवर बसलेल्या कंट्रोलरला सगळं दिसत असताना मी डोंगरातल्या अपघातांचं खापर पायलटांवर फोडतो. उड्डाणानंतर किमान 'मैलाला २०० फूट' चढण्याचा मी उगाच बाऊ करतो, कारण साधं शिकाऊ विमानसुद्धा ७०० फूट चढतं. आणि छापील डिपार्चर प्रोसिजर (विमानतळावरून निघताना कसं चढायचं, कुठे वळायचं ते सांगणारा कागद, म्हणजे चार्ट) अमेरिकेत बंधनकारक नसतेच, असं पुतण्या म्हणतो. शेवटी 'साताऱ्यात खुर्चीत बसून विमानं उडवू नका' असंही आहे. ते मान्य. मी ग्राउंड इन्स्ट्रक्टर, पगारच खुर्चीचा मिळतो.

पुतण्याचं बरोबर आहे, चूक माझी. मी सरसकट 'बंधनकारक' लिहिलं होतं. तिथे प्रवासी वाहतुकीचे नियम कडक आहेत. खासगी विमानाला मात्र कंट्रोलरने परवानगीतच ती प्रोसिजर घातली नसेल तर सक्ती नाही. पण घोळ इथूनच सुरू होतो. सक्ती नाही म्हटल्यावर तो कागद उघडायचाच राहतो. डोंगर कुठे, कोणत्या बाजूला वळायचं, कुठवर किती चढायचं, हे त्याच कागदावर असतं.

आता तुमचे ७०० फूट. काका, ते मिनिटाला आहेत. कागदावरचे २०० मैलाला आहेत, तेही सागरी मैलाला. वर्गात दरवर्षी निम्मी पोरं इथेच घसरतात, आणि सिम्युलेटरवर मीही घसरलो होतो. चार्टवर मैलाला ४०० लिहिलं होतं. चढण्याचा वेग दाखवणारा काटा मिनिटाला ५०० दाखवत होता म्हणून मी निवांत होतो. वेग १२० नॉट, म्हणजे तासाला १२० सागरी मैल, मिनिटाला दोन. हवे होते ८००. पडदा हिरवा झाला, मग काळा. मागे उभे असलेले सर एवढंच म्हणाले, "उतरा."

तुमचं शिकाऊ विमान लेहसारख्या ठिकाणी न्या. १०,००० फुटांच्या वर विरळ हवेत इंजिन आणि पंख दोन्ही दमतात. समजा ७०० चे ३०० उरले आणि वेग ९० नॉट आहे. मिनिटाला दीड मैल, म्हणजे मैलाला बरोबर २००. आता पाठीमागून ३० नॉटचा वारा आला. मिनिटाला दोन मैल कापले जाणार, चढ मैलाला १५० वर आला. काटा तोच ३०० दाखवतोय, पायलटला काही बदललंय असं वाटतही नाही.

आणि २०० म्हणजे फार उभा चढ नव्हे. तीसास एक. डोंगराळ भागात रस्ता आखताना विसास एक चढ चालतो, म्हणजे तुमची कुंभार्ली चढणारी लोड गाडी याहून उभी चढत होती! या २०० मधले १५२ धावपट्टीपासून वर चढत जाणाऱ्या एका कल्पित उताराचे, ज्याच्या वर कुठलाही अडथळा डोकावू नये; उरलेले ४८ फूट काय ती मोकळीक. मैलभर गेल्यावर चार मजली इमारतीएवढी. डोंगर त्या उताराच्या वर डोकावत असेल तर चार्ट जास्त चढ मागतो, नाहीतर वळवून नेतो. हा हिशेब सगळी इंजिनं चालू आहेत असं धरून असतो, हेही लक्षात घ्या.

राहिला कंट्रोलर. कराड स्टँडवरचा तुमचा कंट्रोलर नोंद करून गाडी सोडायचा. चिपळूणची गाडी सोडली म्हणजे कुंभार्लीत दरड नाही, धुकं नाही, असं तो सांगत होता का? विमानाला मिळणारं क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, बरंचसं तसंच असतं. कंट्रोलर स्वतः दिशा देऊन वळवायला लागला की डोंगराची जबाबदारी त्याच्याकडेही येते. तोवर ती पायलटची. शिवाय रडारला डोंगरापलीकडचं दिसत नाही. घाटात मोबाइलची रेंज जाते तसंच. बऱ्याच दऱ्यांमध्ये विमान हजारो फूट चढल्यावरच रडारवर उमटतं.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोजवळच्या ब्राउन फील्ड विमानतळाचं उदाहरण मी लेखात गाळलं होतं, ते द्यायलाच हवं होतं. मार्च १९९१, मध्यरात्र उलटलेली. पायलटने ठरवलं, आधी नजरेने उडू, परवानगी हवेत घेऊ. वरच्या नियंत्रित हवाई हद्दीत शिरायला नको म्हणून ३,००० फुटांच्या खाली राहतो, असं त्याने फोनवर माहिती देणाऱ्याला विचारलं. पलीकडून 'चालेल' आलं. ३,००० कुठून मोजायचे, समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून, यावर दोघांचं बोलणं नीट जुळलंच नाही. समोर ओटाय डोंगर होता, ३,५०० फुटांहून उंच. दहा माणसं गेली. २००४ मध्ये त्याच धावपट्टीवरून रात्रीच निघालेलं लिअरजेट त्याच डोंगरावर आदळलं, आणखी पाच गेली. त्या दुसऱ्या अपघातात चौकशी अहवालाने कंट्रोलरच्या सूचनांनाही दोष दिला, तेव्हा तुमचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण पायलटांचा रात्री नजरेने उडायचा निर्णय त्याच अहवालात आहे.

तुम्ही विचारलंत, घाटात ड्रायव्हरला डोंगर दिसतो, यांना का दिसत नाही? श्रावणात यवतेश्वरचा घाट चढताना बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही, तेव्हा आपण कडेचा पांढरा पट्टा धरून जातो. ढगात तेवढाही पट्टा नसतो. तो कागदावर असतो.

'बंधनकारक' हा शब्द आज सकाळी लेखातून काढला. पुतण्याला एक गणित घाला: चार्ट मैलाला ३३० मागतोय, जमिनीवरचा वेग १४० नॉट; मिनिटाला किती चढायचं? त्याने ३३० सांगितलं तर मला फोन करा.