थर्मोस्टॅट काढा, निश्चिंत व्हा

खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला, की आधी गाण्याचा आवाज वाढवा. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते आणि काटा उतरू शकतो, हे खरं. पण भर मे महिन्यात, मागे सासरची मंडळी बसलेली असताना हीटर? त्यापेक्षा दामटा गाडी.

बॉनेटमधून वाफ आली, की लगेच रेडिएटरचं झाकण फिरवा. आतला कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दाबाखाली असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; दाब सुटला की सगळा एकदम उसळून तोंडावर येतो. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबणं हे रिकामटेकड्यांचं काम. मग बाटलीतलं गार पाणी ओता. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं असतं, वाकेल, त्याखालचं गॅस्केट जाईल, कूलंट मिसळून ऑइलचा दुधाळ चहा होईल. वाकलेलं हेड सपाट करून देणाऱ्या लेथवाल्यानेही जगायला हवं.

गॅरेजमध्ये कळेल, की रेडिएटरचा वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच आहे. म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट, कूलंटची वाट उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलाय. इथवर निदान चोख. यापुढे अमृतवाणी: "साहेब, काढूनच टाकतो. थंड देशांसाठी असतो तो."

मान डोलवा. त्या चिमुकल्या भागात मेण असतं. बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास ते वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तो काढला, की इंजिन लवकर तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट बंद करणंही थर्मोस्टॅटकडेच असतं. तिथे तो नसला, की थोडा कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसाच गरम परततो. घाटात काटा पुन्हा लालकडे.

काही हट्टी लोक नवा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून, तळाला टेकू न देता, पातेल्यातल्या पाण्यात तापवतात आणि त्यावर छापलेल्या अंशांना उघडायला लागतो का, हे थर्मामीटर लावून बघतात. बसवताना रबरी रिंग नवी घालतात, हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवतात, सिस्टिममधली हवा काढतात, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरतात. पातेलं घरचं असेल तर पुढचं ज्याचं त्याने निस्तरावं.

तुमचा काढलेला थर्मोस्टॅट मेकॅनिक पिशवीत घालून देईल. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दसऱ्याला त्यालाही एक झेंडू वाहा.