मोका पॉटमध्ये पूड ठासू नका

'मशीन न घेता घरी कॅफेसारखी एस्प्रेसो' असा एक मेसेज महिनाभर सोसायटीच्या, नातेवाइकांच्या आणि शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर फिरतोय. कृती थोडक्यात अशी: मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, ज्यात खालच्या भागातलं पाणी मधल्या पुडीतून वरच्या भागात चढतं) पूड चमच्याने ठासून भरा, म्हणजे दाब वाढतो. गॅस मोठा ठेवा आणि शेवटचा थेंब वर येईपर्यंत पॉट उतरवू नका. पूड कुठलीही चालते, पाणीही कुठलंही चालतं. भांडं साबणाने कधीच धुवू नका, आतला काळा थर हीच खरी चव. आणि कॉफी जितकी कडू तितकी कडक.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना लेकीने तीन कपांचा पॉट आणून दिला. त्यांनी याच कृतीने तो चढवला. कॉफी वर यायच्याऐवजी दोन भाग जिथे जुळतात तिथून फसफसत बर्नरवर सांडली. पॉट फडक्यात गुंडाळून त्या आमच्याकडे आल्या. "भांडंच खराब निघालं बघा ओ," म्हणाल्या. मी पॉट गार करून उघडला. पुडीची शेंगदाण्याच्या पेंडीसारखी घट्ट वडी झाली होती. ती मोडली तर मधली पूड कोरडीच! पाणी तिथपर्यंत पोहोचलंच नव्हतं. भांड्यात काही दोष नव्हता.

ठासायची कल्पना कॅफेतल्या एस्प्रेसो मशीनवरून उचललेली आहे. एस्प्रेसो म्हणजे मोठ्या दाबाने काढलेली थोडी, दाट कॉफी. त्या मशीनचा पंप साधारण 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाबाने पाणी ढकलतो, म्हणून तिथे पूड दाबावी लागते. मोका पॉटमध्ये पंप नाही. खालच्या भांड्यातली हवा आणि वाफ तापून फुगते आणि पाण्याला नळीतून वर रेटते. तो दाब जेमतेम एक-दीड बारचा. ठासलेल्या पुडीतून पाणी नेण्याची ताकद त्यात नसते, मग ते रबरी रिंगेतून वाट काढतं, नाहीतर बाजूच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटते. त्या व्हॉल्व्हमध्ये क्षार साठून तो बसला असेल तर वाफेने जायचं कुठून? कुकरच्या व्हॉल्व्हबद्दल आपण जी काळजी घेतो तीच इथे हवी. हा मेसेज मला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा वाटतो तो याच ओळीमुळे. पूड सैल भरायची, बोटाने वरून सपाट करायची, कडेला सांडलेले कण पुसायचे आणि पाणी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवायचं. एवढंच.

आच मंद का हवी ते काकूंना दाखवायला मी पॉट पुन्हा सैल भरला आणि झाकण उघडं ठेवून लहान बर्नरवर, मंद आचेवर ठेवला. चारेक मिनिटांनी मधल्या नळीतून मधासारखी दाट, गडद धार संथ उतरू लागली. मग रंग हळूहळू फिका होत गेला आणि पिवळट फेस दिसताच मी गॅस बंद केला, पॉटचा तळ नळाखाली धरला. पुढची फुरफुर झालीच नाही. खालचं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं की वाफ आणि उकळतं पाणी मिळून पुडीतून धडधडत वर येतं, आणि त्या फुरफुरीत कडवट, करपट अंश उतरतात. मेसेज ज्या शेवटच्या थेंबाची वाट बघायला सांगतो, तोच आधीची चांगली कॉफी बिघडवतो. आच मोठी असेल तर ही वेळ इतक्या झटकन येते की पॉट उतरवायलाही सवड मिळत नाही.

पाणी आधी गरम करून घालावं की नाही यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फिक्या भाजणीच्या कॉफीला मी गरम पाणी घालतो, गडद भाजणीला साधं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंही चटका देतं.

पण 'कुठलंही पाणी' हे मात्र मान्य नाही. सोलापुरात कितीतरी घरी बोअरचं जड पाणी वापरतात. त्यातले क्षार कॉफीची आंबटगोड चव मारून टाकतात आणि व्हॉल्व्हवर पांढरा थर धरतो, म्हणजे पुन्हा तोच धोका. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा.

पुडीचंही तसंच. आपल्याकडच्या तेलुगू आणि कन्नड घरांतून फिल्टर कॉफीची जी पूड येते, तिच्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं. पितळी फिल्टरमध्ये थेंब थेंब गळणाऱ्या डिकॉक्शनला, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काला, ती छान शोभते, मलाही आवडते. मोका पॉटमध्ये मात्र ती चिकट होऊन जाळी तुंबवते. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. मोका पॉटला बिनचिकोरीची पूड घ्या, फिल्टरच्या पुडीइतकी बारीक नको, बारीक रव्यासारखी दळून घ्या.

ही 'एस्प्रेसो' आहे का, या प्रश्नाला थोडा इतिहास आहे. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये मोका पॉट काढला, तेव्हा कॅफेतली मशीनंही वाफेवरच चालत होती आणि त्यांचा दाबही असाच दीडेक बारचा होता. वर सोनेरी साय येणारी दाट एस्प्रेसो आली ती नंतर, 1940 च्या दशकाअखेरीस दांडा ओढून दाब देणारी मशीनं आली तेव्हा. म्हणजे मोका पॉट त्याच्या काळातल्या कॅफेच्या कॉफीला खरोखर जवळचा होता. आजच्या एस्प्रेसोशी त्याची तुलना करून साय शोधत बसू नका. ही वेगळी कॉफी आहे, आणि चांगली आहे.

काळ्या थराबद्दल दोन वाक्यं पुरेत. कॉफीतलं तेल धातूवर राहून खवट होतं आणि प्रत्येक कपात तो वास उतरतो. रोज गरम पाण्याने धुवा, अधूनमधून सौम्य साबण लावा, पुसून कोरडा करा. ॲल्युमिनियमच्या पॉटला तारेची घासणी मात्र नको.

राहिला कडूपणा. कडक म्हणजे कपात कॉफीचं प्रमाण जास्त. कडू म्हणजे पुडीतून नको तेही ओढून काढलं. काकूंच्या दुसऱ्या पॉटमध्ये तीच पूड होती, तेवढंच पाणी होतं, फरक फक्त भरण्याचा आणि आचेचा. पहिला घोट त्यांनी साखर न घालता घेतला, मग दुप्पट गरम दूध ओतलं. दुधातही कॉफीची चव पुरून उरली. जाताना त्यांनी तो मेसेज उघडला आणि ज्या ग्रुपवर पाठवला होता तिथे खाली लिहिलं, "पूड ठासू नका, माझा गॅस खराब झाला."