रंग जरूर द्या, पण फिटच्या गोळ्या बंद करू नका

सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. शाळेच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, पाहुण्यांकडूनही आला. मजकूर थोडक्यात असा: डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला चित्रं काढायला लावा, त्यानं उजवा मेंदू जागा होतो. ४५ मिनिटांत ताण ७५ टक्के कमी होतो, परदेशात सिद्ध झालंय. मग गोळ्या हळूहळू बंद करता येतात. मंडलाचं, म्हणजे गोलातल्या बारीक नक्षीचं, रंगवायचं पुस्तक आणा, घरी कुणीही करू शकतं. मात्र सहा महिन्यांच्या आत सुरू करा, नंतर उपयोग नाही.

मी चित्रकला शिकवते. माझ्या धाकट्या दिरांना तावडे हॉटेलजवळ हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात डोक्याच्या उजव्या बाजूला जबर मार बसला. त्यांच्या सावरण्यात रंग-कागदाचा वाटा आहे, हे मी घरात बघितलंय. म्हणूनच हा मेसेज मला घातक वाटतो. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात चित्रानं माणूस सावरतो हे कुणालाही पटकन पटतं, आणि त्याच्या आडून बाकीचं सगळं खपून जातं.

आधी 'उजवा मेंदू जागा होतो' हे घेऊ. भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त चालतं, आजूबाजूच्या जागेचं भान उजवीकडे जास्त असतं, इतपत खरं आहे. रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या कामावरच्या संशोधनासाठी. पण त्यातून 'डावा हिशेबी, उजवा कलावंत' ही जी वाटणी लोकांनी काढली, तिला आधार नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारावर लोकांचे स्कॅन तपासले. माणसामाणसांत एकच बाजू वरचढ असते, असं काही त्यांना सापडलं नाही. लोव्हिस कोरिंट या जर्मन चित्रकाराला १९११ साली पक्षाघात झाला. इजा मेंदूच्या उजव्या भागाला होती आणि अंगाची डावी बाजू लुळी पडली. तरी १९२५ साली मृत्यू होईपर्यंत तो चित्रं काढत राहिला. कला उजव्या मेंदूतच राहत असती तर हे घडलं नसतं.

आमच्या घरात काय झालं ते सांगते. भावोजी जेवायला बसले की ताटाच्या उजवीकडची भाजी-आमटी संपवायचे आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहायची. सासूबाई म्हणायच्या, तोंडाला चव नाही त्याच्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी, ताट अर्धं फिरवलं, तसं त्यांनी उरलेलंही खाल्लं. त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. डावीकडे काही आहे याची दखलच मेंदू घेत नव्हता. घड्याळ काढायला सांगितलं तर गोल नीट आला, पण आकडे सगळे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं भरलेले. मग थेरपिस्टनी सांगितल्याप्रमाणे मी कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी ओढून द्यायला लागले. आधी नजरेनं पट्टी शोधायची, मगच ब्रश टेकवायचा, प्रत्येक ओळीला. पुढे तशीच लाल टेप टेबलाच्या डाव्या कडेला लागली, दाराच्या डाव्या चौकटीला लागली. आता जेवताना कधी चटणी राहिली की सासूबाई एवढंच विचारतात, 'पट्टी बघितलीस काय रे?' चित्राचा उपयोग होतो तो असा. हरवलेली गोष्ट नेमकी कुठली हे ओळखून तिच्यावर काम करायला कागद कामी येतो.

'४५ मिनिटांत ताण ७५ टक्के कमी' हा आकडा आला कुठून, तेही बघा. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांत रमू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालेलं दिसलं. म्हणजे चारातल्या तिघांत कमी झालं, ७५ टक्क्यांनी कमी झालं असं नाही. ही माणसं मेंदूची इजा झालेली नव्हती. तुलनेसाठी चित्र न काढणारा दुसरा गटही नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं एरवीही उतरत असतं. चांगला, छोटा, प्राथमिक अभ्यास आहे. त्याच्या जिवावर रुग्णाच्या घरच्यांना आकडे सांगणं चुकीचं आहे.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. मेंदूला इजा झाल्यावर अनेकांना फिट येते आणि त्यावरच्या गोळ्या चालू असतात. त्या मनानं बंद केल्या तर फिट पुन्हा येऊ शकते, लागोपाठ येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. कुठलंही चित्र त्या गोळ्यांची जागा घेत नाही. त्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

आता मंडला आणि 'घरी कुणीही'. घरी रंग काढायला कुणाची परवानगी लागत नाही, जरूर काढावेत. पण उपचार म्हणून करायचं तर इजा समजणारा माणूस लागतो. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं १९४२ साली 'आर्ट थेरपी' हा शब्द वापरला. आज ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत वॉल्टर रीड इथल्या लष्करी केंद्रात मेंदूला इजा झालेले सैनिक मुखवटे रंगवतात. तिथेही आर्ट थेरपिस्ट डॉक्टरांच्या आणि इतर थेरपिस्टांच्या टीममध्ये बसून काम करते. मंडलाच्या बारीक नक्षीत थकलेल्या मेंदूची दमछाक होते, मग चिडचिड, मग कागद भिरकावणं. चाळिशीच्या कर्त्या माणसापुढे पोरांचं रंगवायचं पुस्तक ठेवलं की त्याला अपमान वाटतो, हेही विसरू नका. भावोजींना शाडू जास्त मानवला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून गोळा आणला की दोन्ही हात आपोआप कामाला लागतात, डावा हात विसरायला जागाच राहत नाही. टर्पेंटाइन मात्र घरात नको, त्या वासानं डोकं चढतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो 'सहा महिन्यांनंतर उपयोग नाही' याचा. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगानं होते, हे खरं. पण ती पुढेही वर्षानुवर्षं होत राहते, आणि कमतरतेवर उपाय शिकायला तर मुदत नसतेच. ज्यांच्या घरी अपघाताला पाच-सात वर्षं झालीत, त्या आईनं हा मेसेज वाचून काय करायचं? आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मला हेच विचारलं, 'आमच्या पोराला उशीर झाला काय गं?' नाही झाला, काकू. ज्या डॉक्टरांकडे तो दाखवलाय त्यांच्याकडूनच ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव घ्या. तोवर घरी सकाळी, झोप पुरी झाल्यावर, टीव्ही बंद करून पंधरा-वीस मिनिटं बसा. एकच रंग, एकच मोठा कागद. तो दमला की तिथेच थांबा, चित्र अर्धं राहिलं तरी चालेल.