एका माणसाच्या टीमसाठी पन्नास सीटचा प्लॅन कसा निवडावा

तुमच्या कंपनीच्या पेजवर शेवटची पोस्ट कधी पडली ते जरा जाऊन बघा बरं. कुठल्यातरी दिनाच्या शुभेच्छा असतील, त्या पण दुसऱ्या दिवशी दुपारी टाकलेल्या, खाली चार लाईक आणि चारही ऑफिसातलेच. आता कोणी दीडशहाणा म्हणेल की लिहायला कोणाला वेळच नाही, सांगण्यासारखं काही ठरवलेलंच नाही, म्हणून पेज ओसाड पडलंय. अशा माणसाला मीटिंगला बोलवू नका. आपल्याकडे शेड्युलिंग टूल, म्हणजे आधी लावून ठेवलेली पोस्ट ठरल्या वेळी आपोआप टाकणारं टूल, नाही म्हणून पेज ओसाड आहे, एवढं पक्कं धरून चालायचं आणि लगेच कामाला लागायचं.

आता टूल निवडायचं ते टीमच्या साइझप्रमाणे, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे, फक्त टीम मोजायची कशी ते कोणी सांगत नाही. भोळी माणसं काय करतात, पोस्ट लिहितंय कोण ते मोजतात. तसं मोजलं तर उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं, आणि ती एक व्यक्ती म्हणजे सगळ्यात नवीन लागलेली मुलगी, जिने एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर बरं केलं होतं म्हणून डिझाईनही तिच्याच गळ्यात आहे आणि कमेंटना उत्तरं देणंही. असं मोजून चालणार नाही हो, इज्जतीचा प्रश्न आहे. ज्याला ज्याला पोस्टबद्दल मत आहे तो टीममध्ये धरा. मॅनेजर आला, त्याचा मॅनेजर आला, सेल्सवाला आला जो रोज दुसऱ्या कंपनीच्या पोस्टचा स्क्रीनशॉट पाठवून 'आपण असं का नाही करत' एवढंच विचारतो, मालक आले, आणि मालकांच्या घरच्यांना मागच्या वेळचा निळा रंग आवडला नव्हता तेव्हा तेही आलेच. झाली की नाही टीम? आता टूल विकणाऱ्याच्या डेमो कॉलवर 'तुमची टीम किती जणांची' असं विचारलं की छाती फुगवून सांगा, आणि पलीकडचा माणूस एकदम किती प्रेमाने बोलायला लागतो ते बघा.

एकटेच असाल तर एक धोका आहे, तो आधीच सांगून ठेवतो. एकट्या माणसाचं काम फुकटात होतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी मेटा बिझनेस सूट आहे, तिथे पोस्ट आधी लावून ठेवता येते. इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्येच प्रोफेशनल अकाउंटला २०२२ च्या शेवटापासून ७५ दिवस पुढचं लावता येतं. लिंक्डइनवर तीन महिने पुढचं लागतं, यूट्यूबच्या स्टुडिओत व्हिडिओला तारीख-वेळ देता येते, एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, वेबसाइटवर पण शेड्युलचं बटण आहे. हे सगळं माहीत असेल तर कृपा करून विसरा. फुकटच्या गोष्टीचा रंगीत रिपोर्ट साहेबांसमोर ठेवता येत नाही आणि बजेट खर्च झालं नाही तर पुढच्या वर्षी मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बफरसारख्या टूल्सचा फुकट प्लॅन असतो, तीन चॅनल म्हणजे तीन अकाउंट आणि प्रत्येक चॅनलला एका वेळी दहा पोस्ट रांगेत. तो दिसला की नाक मुरडून म्हणायचं, 'फक्त दहा? आमचं तर पूर्ण वर्षाचं कॅलेंडर असतं.' हातात तयार पोस्ट किती आहेत ते त्या वेळी मोजत बसू नका, उगाच मूड जातो.

मग येतो पैशाचा भाग, आणि इथे थोडं लक्ष द्या कारण इथे चुकून बरोबर निवडलं जाण्याची शक्यता आहे. ही टूल्स ढोबळमानाने दोन तऱ्हेने पैसे लावतात. काही सीटमागे लावतात, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे, स्प्राउट सोशल हे त्याचं मोठं उदाहरण. काही चॅनलमागे लावतात, म्हणजे जेवढी अकाउंट जोडाल तेवढे, जसं बफर, त्याच्या टीमवाल्या प्लॅनमध्ये तर माणसं कितीही घाला, पैसे चॅनलचेच. आता ज्यांच्याकडे माणसं जास्त आणि पेजं दोनच, त्यांना चॅनलवालं स्वस्त पडणार, आणि एकटाच माणूस पंधरा क्लायंटची अकाउंट सांभाळतोय त्याला सीटवालं बरं पडू शकतं. पाचवीतल्या पोराला जमेल एवढं सोपं गणित आहे, म्हणूनच ते करू नका. जे नाव कॉन्फरन्समध्ये ऐकलं ते घ्या. माणसं जास्त असतील तर सीटवालं घ्या, बिल बघून डोळे पांढरे झाले की मग सगळ्यांनी मिळून एकच लॉगिन वापरायचं, पासवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर पिन करून ठेवायचा. टीम पण एकत्र राहते. कुठली पोस्ट कोणी उडवली हे जन्मात कळत नाही, त्यामुळे भांडणंही होत नाहीत.

पासवर्डवरून आठवलं. आयटीवाल्याला कधीतरी जाग येते आणि तो फेसबुकचा पासवर्ड बदलतो. बदलला की टूलला दिलेली परवानगी, ज्याला टोकन म्हणतात, ती रद्द होते. तशीही फेसबुकची लांब मुदतीची टोकनं साधारण ६० दिवसांची असतात, अधूनमधून अकाउंट परत जोडावं लागतं. जोडलं नाही तर लावलेली पोस्ट जात नाही, आणि ती गेली नाही हे सांगणारा ईमेल बऱ्याचदा येतो तो ज्याने पहिल्यांदा अकाउंट जोडलं होतं त्याला. तो माणूस कंपनी सोडून गेलेला असला की उत्तम, कोणाच्या डोक्याला त्रास नाही, कॅलेंडरवर सगळं छान रंगीबेरंगी दिसतंय आणि पेजवर तीन आठवडे सामसूम.

पण खरी मजा आहे ती अप्रूव्हलमध्ये. टीम पाच-सात जणांची झाली की अप्रूव्हल वर्कफ्लो, म्हणजे पोस्ट जाण्याआधी कोणी कोणी मंजूर करायची याची साखळी, हवाच, आणि तो बहुतेक ठिकाणी वरच्या, महागड्या प्लॅनमध्येच असतो, म्हणजे प्लॅन वाढवायला कारणही मिळालं. आता हे मांडायचं कसं ते नीट ऐका. ड्राफ्ट लिहिणारी एक. तिच्यावर तपासणारा एक. त्याच्यावर ब्रँडचा सूर बघणारा एक, त्या सुराबद्दल कुठेही काही लिहून ठेवलेलं नसतं पण तो चुकला की त्याला बरोबर कळतं. मग लीगल. मग फायनल. आणि फायनलच्या पुढे 'एकदा साहेबांना दाखवून घ्या', ही पायरी टूलमध्ये नसते पण खरा निकाल तिथेच लागतो. यातल्या एकानेही टूलमध्ये कधी लॉगिन केलेलं नसावं, ही मुख्य अट. म्हणजे होतं काय, ती मुलगी पोस्ट टूलमध्ये टाकते, टूल सगळ्यांना नोटिफिकेशन पाठवतं, सगळे ते प्रमोशनच्या फोल्डरमध्ये जाऊ देतात, मग ती टूलचाच स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, तिथे एक जण अंगठा देतो, दुसरा म्हणतो 'लोगो थोडा मोठा', तिसरा अंगठ्याला अंगठा देतो, आणि साहेब संध्याकाळी लिहितात 'नाइस, पण काहीतरी मिसिंग वाटतंय.' काय मिसिंग ते साहेबांनाही सांगता येत नाही. तोपर्यंत ज्या दिवसासाठी पोस्ट होती तो दिवस मावळलेला असतो आणि टूलमध्ये 'मंजुरीची वाट' असा पिवळा ठिपका तसाच चमकत असतो. या पिवळ्या ठिपक्याचे आपण महिन्याला पैसे भरतो हे लक्षात असू द्या, त्याची किंमत ठेवा.

कोणीतरी सुचवेल की दोन माणसं नेमू, एक लिहील, एक बघेल, आणि बघणाऱ्याने ठरलेल्या वेळेपर्यंत काही कळवलं नाही तर पोस्ट जाऊ दे. फार धोकादायक विचार आहे. याने पोस्ट खरंच जायला लागतात. मग बाकीच्यांनी दिवसभर करायचं काय?

मोठ्या टीमला आणखी एक सोय मिळते, सगळी अकाउंट एकाच खिडकीत. कंपनीचं, दुसऱ्या ब्रँडचं, तिसऱ्या क्लायंटचं, आणि मी तर म्हणतो स्वतःचं पर्सनल पण तिथेच जोडून टाका, सारखं सारखं लॉगआउट कोण करतंय. याचा फायदा अमेरिकन रेड क्रॉसला फेब्रुवारी २०११ मध्ये मिळालेला आहे. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मित्रांबरोबर बियर पिण्याबद्दलचं ट्वीट हूटसूट नावाच्या अशाच टूलमधून टाकलं, अकाउंट चुकलं आणि ते गेलं थेट संस्थेच्या नावाने. त्यांनी ट्वीट काढलं, वर लिहिलं की रेड क्रॉस शुद्धीत आहे आणि आम्ही गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्यात. लोक हसले, देणग्या पण आल्या. म्हणजे प्रत्येक वेळी असंच गोड होणार हे उघड आहे, तुमचे मॅनेजर विनोदी आहेतच.

आणि एकदा पोस्ट लावली की तिच्याकडे परत बघायचं नाही, नाहीतर शेड्युलिंगचा अर्थ काय उरला? जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटच्या बीफ बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडल्याचा गोंधळ चालू होता, रोज बातम्या, आणि त्यातच त्यांच्या कस्टमर केअरच्या अकाउंटवरून रात्री ट्वीट गेलं की झोपायची वेळ झाली, आता आम्ही गवताकडे निघालो. इंग्रजीत झोपायला जाण्याला असं म्हणतात, पण त्या आठवड्यात ते कोणालाच तसं ऐकू आलं नाही. नंतर माफी मागताना सांगितलं की ट्वीट आधीच लावून ठेवलेलं होतं. बिचारं टूल प्रामाणिक, सांगितलं तेव्हा पाठवलं. आता बऱ्याच टूलमध्ये सगळी रांग थांबवायचं बटण असतं. ते कुठे आहे हे टीममध्ये कोणालाही माहीत नसावं, माहीत असलं तर त्याला वापरायचा अधिकार नसावा, आणि अधिकार असलेला माणूस रजेवर असावा. एवढं जमवलं की रात्री अकराला सगळी टीम कशी जिवंत होते ते बघाल.

बाकी फीचर्सचं फार मनावर घेऊ नका. 'पोस्ट करायची सर्वोत्तम वेळ' हे फीचर तर घ्याच घ्या, ते तुमच्या जुन्या पोस्टवर लोक कधी आले ते बघून वेळ सांगतं, आणि जुन्या पोस्टवर आलेले चौघं ऑफिसातलेच असल्यामुळे ते तुम्हाला जेवणाच्या सुट्टीची वेळ सांगेल. टाइमझोन तपासू नका, पहाटे साडेतीनला गेलेल्या पोस्टमध्येही एक भक्तिभाव असतो. रीलला इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं गाजणारं गाणं लावायचं असेल तर बाहेरच्या टूलमधून आपोआप पोस्ट करताना सहसा लागत नाही, मग टूल मोबाईलवर नोटिफिकेशन पाठवतं की बाई आता तूच टाक. २०१८ च्या आधी तर इन्स्टाग्रामवर साध्या फोटोलाही हीच तऱ्हा होती, टूल फक्त आठवण करायचं आणि माणूस टाकायचा. म्हणजे अलार्मच, पण मासिक वर्गणीचा. आणि एआय कॅप्शन तर हवंच. ते 'आजच्या वेगवान जगात' असं सुरू करून देतं, सगळे अप्रूव्हलवाले न वाचता पास करतात. खरं सांगायचं तर पिवळा ठिपका हिरवा होताना मी पाहिलाय तो अशाच कॅप्शनला.

घाई मात्र करायची, वर्षाचे पैसे एकदम भरायचे. डगमगू नका. फुकटचं टिकत नाही हे दिसलंच आहे, हूटसूटने ३१ मार्च २०२३ ला फुकट प्लॅन बंद केला, त्याच वर्षी ट्वीटडेक हे ट्विटरचं स्वतःचं टूल पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं आणि एक्सने एपीआयला, म्हणजे बाहेरच्या टूल्सना आत यायच्या दाराला, पैसे लावले तेव्हा काही लहान टूल्सनी एक्सची सोयच काढून टाकली. म्हणजे प्लॅटफॉर्मच्या मनात आलं की टूलचा अर्धा जीव जातो. अशा वेळी शहाणा माणूस महिना-महिना भरेल आणि बघत राहील, आपण वर्षाचं भरून वीस टक्के वाचवलेत असं स्लाइडवर लिहायचं. ट्रायलचे दिवस लोगो चढवण्यात आणि कोणाला कुठला रोल द्यायचा यावर वाद घालण्यात घालवा. एखादी खरी पोस्ट खऱ्या माणसांकडून खऱ्या अप्रूव्हलमधून पाठवून बघायचा मोह होईल, तो आवरा. त्याने टूल कळतं.

शेवटचं एक सेटिंग, ते विसरू नका. टूलचा मूळ मालक म्हणून इंटर्नचा पर्सनल ईमेल टाका, कार्ड अकाउंट्सवाल्याचं टाका, आणि ओटीपी जाऊ दे साहेबांच्या जुन्या नंबरवर. वर्षभराने रिन्युअलचे पैसे आपोआप कापले जातील, अकाउंट्सवाला विचारेल हे कसलं बिल, तुम्ही म्हणाल मार्केटिंगचं, मार्केटिंगवाले म्हणतील आयटीचं. प्लॅन बंद करायला मालकाचं लॉगिन लागेल. इंटर्न तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत सोशल मीडिया मॅनेजर झालेली असेल आणि तिथे टूलच्या डेमो कॉलवर असेल, फोन लावून बघा.