शिक्षक फुकट

"हवेतून नोटा काढता ना तुम्ही? मग आमच्याकडनं कशाला घेता?"

हा विनोद सांगली जिल्ह्यातला प्रत्येक मुख्याध्यापक नुकताच सुचल्यासारखा करतो. टेबलाच्या पलीकडचे क्लार्क हसतात, चहा आणलेला शिपाई हसतो आणि मीही हसतो. माझं हसणं दरात धरलेलं आहे.

शाळांत जादूचे प्रयोग करणाऱ्यांचे दर दोन तऱ्हेचे असतात, ठोक आणि मुलामागे. ठोक पाच हजार म्हटलं की सर चष्मा काढतात. "एका तासाचे?" असं विचारताना ते मनातल्या मनात स्वतःच्या पगाराला तासांनी भागत असतात, हे मला समोरून दिसतं. प्रयोगाआधीचे दोन तास मांडामांड, नंतरचा एक तास आवराआवर, भाच्याची हजेरी, स्पीकर, ओम्नीचं पेट्रोल हे सगळं सांगायला तोंड उघडावं तर ते म्हणतात, "तसं नव्हे, शाळा खेड्यातली आहे." त्यात दोरी. दोरी कापून पुन्हा अखंड करण्याचा प्रयोग सगळ्यांना आवडतो. मुलांच्या दृष्टीने ती अखंड होते, माझ्या हिशेबात दर खेपेला हातभर कमी झालेली असते. याहून जास्त सांगणं धंद्याला बरं नाही.

तेव्हा मी मुलामागे दहा रुपयांवर येतो. दहा म्हटलं की खोलीतलं वातावरण एकदम निवळतं. दहात हल्ली धड वडापाव येत नाही, म्हणूनच तो आकडा कुणाला टोचत नाही.

"पट किती, सर?"

पट ही शाळेतली सगळ्यात अद्भुत वस्तू. शिक्षकांची पदं ज्यावर ठरतात त्या संचमान्यतेच्या वेळी तो सहाशेवीस असतो. माझ्यासमोर तो साडेतीनशेवर येतो आणि तिथूनही वजाबाकी चालू राहते.

"बालवाडी धरायची नाही."

"बरं."

"दहावीची पोरं बसणार नाहीत. त्यांचा सराव आहे."

"बरं." (दहावी माडीवरच्या गॅलरीतून सबंध प्रयोग बघते, तोही वरून, म्हणजे जिथून कुणी बघू नये नेमकं तिथून.)

"सख्खी भावंडं असतील तर एकाचंच घ्यायचं."

"बरं."

"गरीब मुलांना सूट द्या."

"किती आहेत?"

"तसं बघायला गेलं तर सगळीच की हो."

"आणि शिक्षक?"

इथे सर माझ्याकडे अशा काही नजरेने बघतात की जणू मी त्यांच्याकडे देवळात जायचं तिकीट मागितलं. "शिक्षकांचं काय धरता राव!" शिक्षक फुकट. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर शिक्षक, त्यांच्या मांडीवर दुसऱ्याच शाळेत शिकणारी त्यांची मुलं, आणि माझ्या सामानाच्या स्टुलावर चेअरमनसाहेबांचा नातू. हे सगळे ज्या तन्मयतेने बघतात ती पाहून कुणालाही वाटेल, पैसे यांनीच भरलेत.

प्रयोग संपला की वर्गशिक्षक एकेक करून पाकिटं आणून देतात. मी एका वेळी एक रुमाल नाहीसा करतो. सातवी 'ब'च्या बाईंनी पटांगणात बसवलेल्या अठ्ठेचाळीस मुलांतली सत्तावीस पाकिटात पोचेपर्यंत नाहीशी केली होती, आणि बाह्या वर करून रिकामे हात दाखवण्याची त्यांना गरजही पडली नाही. "उद्या देतो म्हणालीत," बाई म्हणाल्या. उद्या मी विट्याला असतो. जी रक्कम येते ती बहुतेक दहाच्या नाण्यांत. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालतात असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं आहे. आमच्या रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावरचा पोरगा रिझर्व्ह बँकेला मानत नाही.

काही वर्षांनी मला उमगलं की दर प्रयोगाचा नसतो, प्रयोगाच्या नावाचा असतो. माझ्याकडे पितळेचा एक लोटा आहे. तो पालथा करून रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा प्रयोग झाला की पुन्हा उचलून ओतायचा, पुन्हा पाणी. थोरल्या जादूगार पी. सी. सरकारांनी हा खेळ 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने जगभर नेला. मी तोच लोटा 'मनोरंजन' म्हणून विकला तर मुलामागे दहा रुपये, तेही वजाबाकीसकट. दुष्काळी जतकडच्या एका सरांनी सुचवलं म्हणून त्याचं नाव 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ठेवलं. लगेच तो प्रबोधनपर झाला आणि ग्रामपंचायतीकडून ठोक रक्कम मिळाली. प्रयोगानंतर तिथल्या शिपायाने लोटा हातात घेऊन आत डोकावून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे मोठ्या मापात करून मिळंल का? टाकीवर बसवाय?" जतला हा प्रश्न विनोद म्हणून विचारत नाहीत. शहरातल्या इंग्रजी शाळेत तोच लोटा 'वॉटर कॉन्झर्व्हेशन अॅक्टिव्हिटी' होतो. तिथे दर तिप्पट असतो, फक्त तो मिळत नाही.

म्हणजे मिळतो, पण आधी कोटेशन, मग व्हेंडर फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक आणि जीएसटी नंबर. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणी लागते. वीस लाखांची उलाढाल मी फक्त रंगीत नोटांच्या प्रयोगात करतो, असं मी तिथल्या अकाउंटंट मॅडमना सांगून पाहिलं. त्यांनी ते लिहून घेतलं. बिल मंजूर होईपर्यंत पहिलीची मुलं दुसरीत गेली.

अशा शाळांच्या मागण्याही निराळ्या. एका प्रिन्सिपल मॅडमना मुलगी करवतीने कापण्याचा प्रयोग हवा होता, 'पण व्हायोलन्स नको'. १९५६ मध्ये पी. सी. सरकारांनी बीबीसीवर हा प्रयोग केला. वेळ संपली म्हणून मुलगी उठायच्या आत कार्यक्रम आवरता घेतला गेला, आणि ती मेलीच असं समजून लोकांनी फोन करकरून बीबीसीच्या लाइन्स जाम केल्या. लंडनची ही गत, तर आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय होईल? मी मॅडमना काकडी कापून दाखवली. ससा मागणाऱ्यांना मी २००१ च्या प्राण्यांच्या खेळाच्या नियमांबद्दल सांगतो. नोंदणी लागते म्हटलं की सशाचा विषय मिटतो.

२०१३ नंतर आणखी एक शंका वाढली. "तुमचं ते जादूटोणाविरोधी कायद्यात बसत नाही ना?" एका हेडमास्तरांनी तर माझ्याकडून तसं लेखी मागितलं. चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि त्यातून पैसा कमावणं, असं त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. मी त्यांना समजावलं की सर, मी सुरुवातीलाच ही हातचलाखी आहे म्हणून सांगतो, आणि पैसा कमावण्याचं म्हणाल तर आत्ताच आपलं बोलणं झालंय. दोन्ही कलमांतून मी सुटतो. सरांना ते पटलं, दर मात्र वाढला नाही.

तारखांचं तर विचारूच नका. जूनमध्ये प्रवेश, ऑगस्टमध्ये झेंडावंदन, मग गणपती, सहामाही, दिवाळी. डिसेंबरात सहली आणि गॅदरिंग, फेब्रुवारीपासून परीक्षा. मधे उरतो चौदा नोव्हेंबर. बालदिनाला सगळ्या शाळांना एकदम मुलं आठवतात आणि मुलांवरून मी. सकाळी दहाच्या एकाच वेळेला मी तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळला हवा असतो. एवढं साधलं असतं तर शाळांत कशाला हिंडलो असतो? त्यात दिवाळीचा भरवसा नाही. २०२० मध्ये तर लक्ष्मीपूजनच चौदा नोव्हेंबरला आलं. २०२४ पासून सरकारने पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' दिला, तेव्हा वाटलं, आता वर्षभर शनिवार आपलेच. सरांना विचारलं तर म्हणाले, "आनंद आमचा आम्ही घेतो. सूर्यनमस्कार असतात."

बयाणा मागितला तर "विश्वास नाही का?" आणि नाही मागितला तर आदल्या रात्री "केंद्रप्रमुख येणार आहेत, पुढच्या महिन्यात बघू." यावर उपाय म्हणून हल्ली काही शाळांनी सत्कार काढलाय. "हजार कमी करा, शाल-श्रीफळ देतो." नारळाला बायकोची हरकत नसते. शालींनी मात्र आमच्या कपाटाचा वरचा कप्पा भरला, तेव्हा तिने निर्वाणीचं सांगितलं, "अहो, आता एक जरी आणलीत तर तुम्हीच पांघरून बाहेर झोपा."

म्हणून परवा एका शाळेत मी त्यातलीच एक घडीची शाल सोबत नेली आणि शेवटच्या प्रयोगात रिकाम्या पेटीतून काढून चेअरमनसाहेबांच्या खांद्यावर घातली. टाळ्या थांबेनात. साहेब भारावले, माइकपाशी आले, शाल अंगावरची काढली आणि तिनेच माझा सत्कार केला. क्लार्कने वहीत 'शाल' लिहून हजार वजा केले.