वनपिंगळ्याच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा लोकांना वनपिंगळा हे छोटं घुबड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार, मग १९९७ साली परदेशी मंडळींना तो दिसला याचं एवढं कौतुक कशाला? आणि जंगलतोड सोडून मी एका इंग्रज कर्नलच्या चोरीवर अर्धा लेख का खर्च केला?

चोरीबद्दल आधी बोलतो, कारण तिथे मी मागे हटणार नाही. १८८४ नंतर या पक्ष्याची खरी नोंदच नव्हती. पण त्याच इंग्रज कर्नलच्या, रिचर्ड माइनर्ट्झहागेनच्या, संग्रहात एक नमुना निघाला. चिठ्ठीवर १९१४ साल आणि ठिकाण सुरतेकडचं मांडवी. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला. कातडं भरण्याची मूळ पद्धत जेम्स डेव्हिडसन या जुन्या पक्षी-संग्राहकाची निघाली. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, वर खोटी चिठ्ठी लावलेली! पत्ताच खोटा असेल तर शोधणारा भलत्याच गल्लीत फिरणार. रासमुसेन यांनी मांडवी यादीतून काढलं आणि अस्सल नमुन्यांची ठिकाणं धरली. आधी त्या आणि त्यांचे सोबती छत्तीसगडकडे गेले, तिथे काही मिळालं नाही. मग नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ला भर उजेडात, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. आता सांगा, चोरीला जागा देऊ नको तर कशाला देऊ?

गावकऱ्यांचं म्हणाल तर त्यांनी तो पाहिला असणारच, ते मी कधी नाकारलं? पण आपल्याकडे जुन्या झाडांवर बसतो तो साधा पिंगळा आणि हा, दोघे लांबून सारखेच वाटतात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. शेपटीवर रुंद पट्टे, पाय दणकट आणि पिसांनी भरलेले. जाणकारही फसले आहेत: १९६८ साली नागपूरकडचा म्हणून आलेला फोटो शेवटी साध्या पिंगळ्याचाच ठरला. 'मी पाहिलाय' एवढ्यावर भागत नाही, मग सांगणारा पावरा असो की कर्नल.

जंगलतोडीचा मुद्दा मान्य, त्यावर पुढचा लेख येतोय. तोवर एवढंच, की शहाद्यानंतर हा पक्षी मेळघाटात, आणि आपल्या बाजूला, मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या खकनारला, खंडव्याच्या कालीभीतच्या जंगलातही सापडला. २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाला, तर काहींना वाटलं झालं काम. पण घरटं तो झाडाच्या ढोलीत करतो, आणि ढोली व्हायला झाड जुनं लागतं. सागाची नवी रोपं लावून हिशेब जुळवणाऱ्यांना हे विचारा, मीही विचारणार आहे.