ब्रदरला बोलवा

नर्सिंगच्या कॉलेजात पहिल्याच वर्षी हातात दिवा देऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घ्यायला लावतात. ही शपथ बाईंनी स्वतः लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली, नाव तेवढं बाईंचं दिलं. तीत रुग्णाचं हित आहे, गुप्तता आहे, डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचंही कलम आहे. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरबद्दल मात्र एक अक्षर नाही. लिहिणारी मंडळी कधी इनचार्जच्या हाताखाली राबलीच नव्हती, की राबली होती म्हणूनच गप्प बसली, हे कळायला मार्ग नाही.

मी सोलापूरकडचा. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची तीन वर्षं, मग नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग पुण्यात मुलाखत, मग सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एक खाट, अशी रीतसर प्रगती करत मी नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात रुजू झालो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. इनचार्ज सिस्टरनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उंची बरी आहे." मी मनातल्या मनात खूश. पाच मिनिटांत उलगडा झाला. चादरींच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा आजवर स्टुलावर चढून उघडावा लागत होता. हॉस्पिटलने नर्स घेतला होता, वॉर्डला स्टूल मिळालं होतं.

पेशंट कसा सांभाळायचा हे तीन वर्षं शिकवलेलं असतं. सीनिअर कशा सांभाळायच्या याला एक तासही नाही. वास्तविक पेशंट चार दिवसांत घरी जातो. सीनिअर जात नाहीत.

रोजची परीक्षा ओव्हरची. आपली ड्यूटी संपली की पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला बेडवार सगळं सांगून मोकळं व्हायचं, काम एवढंच.

"बेड सात, सलाईन चालू आहे."

"किती राहिलंय?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? पावशेर?"

"दोनशे मिली असेल."

"असेल की आहे?"

मी बाटली बघायला धावतो. परत येईस्तोवर पुढचे प्रश्न तयार. युरिन बॅग किती वाजता रिकामी केली? ताप शेवटचा कधी बघितला? पोट साफ झालं का? इतक्या वडीलधाऱ्या मंडळींच्या पोटाची इतकी सविस्तर माहिती माझ्या वयाच्या दुसऱ्या कुठल्या मुलाला तोंडपाठ असेल असं वाटत नाही. आणि विचारणाऱ्या बाईंची नजर फाइलवरून वर उठत नाही. सुरुवातीला वाटायचं, मुद्दाम छळतायत. मग एका दुपारी मला दुसऱ्या एका सिस्टरकडून "सगळं ठीक आहे रे, काही नाही" अशी गोड ओव्हर मिळाली. त्या पर्स उचलून गेल्या, आणि त्या "काही नाही"मधून एक संपलेलं सलाईन, एक सुजलेला हात आणि न पाठवलेलं ब्लड सॅम्पल बाहेर पडलं. तेव्हापासून मला गोड ओव्हरची भीती वाटते. खडूस चालेल.

दुसरा विषय पेन. डॉक्टर राउंडला येतात, "सिस्टर, पेन" म्हणतात, सही करतात, आणि पेन त्यांच्या खिशात जाऊन बसतं. यात वाईट हेतू नसतो, हात तसा वळलेला असतो. आमच्या इनचार्जनी यावर कायमचा उपाय करून ठेवलाय. त्यांचं पेन काउंटरला रोलर बँडेजने बांधलेलं आहे, त्यावर मायक्रोपोअरची चिकटपट्टी, पट्टीवर नाव. बँडेजची लांबी बरोब्बर रजिस्टरपर्यंत. इंचभरही ढील नाही. ज्यांची अपॉइंटमेंट मिळवायला लोक ओळखी काढतात असे सर्जन त्या बँडेजच्या टोकाशी कमरेत वाकून सही करताना मी पाहिले आहेत. नव्या माणसाला ते पेन वापरायची मुभा नाही. त्याने आपली पेनं आणायची, घालवायची, पुन्हा आणायची. कात्रीचंही तेच. टॉर्चचंही.

तक्रार करायची सोय नाही, कारण समोर लगेच "आमच्या वेळी" सुरू होतं. आमच्या वेळी सिरिंज काचेच्या होत्या, उकळून घ्याव्या लागायच्या. सुया दगडावर घासून धार लावायची, कापसाच्या बोळ्यावर फिरवून टोक अडकतंय का बघायचं. नाईटला गॉझचे तुकडे कापून कापून बोटांना घट्टे पडायचे. तुम्हाला काय, पाकीट फाडलं की सुई! यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. ही परंपरा किती मागे जात असेल, असा विचार मी एका निवांत बेडपॅन फेरीत केला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि पुढे तिथल्या मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. चांगल्या घरच्या लेकीसुना परक्यांचे मळ-मूत्र काढणार म्हटल्यावर पेठांतल्या ओट्यांवर कसली चर्चा रंगली असेल! त्या मुली धीराच्याच. पण ससूनमधल्या कुणीतरी सीनिअरने त्यांनाही "आमच्या वेळी" ऐकवलं असणारच. बहुधा इंग्रजीतून.

त्यात मी पुरुष. पुरुष नर्स ही गोष्ट पुण्याच्या पेशंटच्या अजून नीट पचनी पडलेली नाही. गळ्यात स्टेथोस्कोप असला की मी डॉक्टर, हातात ट्रॉली असली की मामा, म्हणजे वॉर्डबॉय. एका आजींनी विचारलं, "सिस्टर कधी येणार?" म्हटलं, "आजी, तुमच्याकडे आज मीच." आजींनी मला नीट पाहून घेतलं. "असं होय. बरं. मग सिस्टर कधी येणार?"

पण हॉस्पिटलच्या साऱ्या मजल्यांना माझी आठवण येते ती एकाच कारणाने. फोन वाजतो, "मेल कॅथेटर आहे, ब्रदरला पाठवा." म्हणजे पुरुष पेशंटला लघवीची नळी घालायची. सिस्टरना येत नाही अशातला भाग नाही. आमच्या इनचार्ज माझ्या जन्माआधीपासून ते करतायत. पण सिस्टर दिसल्या की आजोबा चादर गळ्यापर्यंत ओढून घेतात. मग मी जातो. नवे मजले, नव्या सिस्टर, नवे आजोबा. माझ्या बॅचचे लोक ओळखी वाढवायला कुठकुठे जातात. माझ्या सगळ्या ओळखी अशा झाल्या आहेत की नंतर रस्त्यात भेटलं तर दोघांनीही दुसरीकडे बघावं.

शिकलो कुणाकडून म्हणाल, तर आमच्या मल्याळी सिस्टरकडून. कोट्टायमकडच्या, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेल्या की "ळ" माझ्यापेक्षा त्यांचा स्वच्छ. एक आजी अ‍ॅडमिट झाल्या, ऐंशीच्या पुढच्या. हातावरच्या शिरा दारातून दिसाव्यात इतक्या ठळक. मला वाटलं, हे तर सोपं. मी गुलाबी व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची सुई-नळी, काढतोय तोच सिस्टरनी ट्रे आपल्याकडे ओढला. गुलाबी परत ठेवलं, निळं घेतलं, म्हणजे बावीस नंबर, विसापेक्षा बारीक. आजींचा हात पलंगाखाली लोंबता सोडला, त्यावर कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला आणि पुरणात वेलदोडा घालता की जायफळ, असं विचारलं. आजी जायफळावर बोलू लागल्या. टॉर्निके, म्हणजे शीर फुगावी म्हणून हाताला बांधायचा पट्टा, सैलच बांधलं. "म्हाताऱ्या शिरेला आवळलं की फुटते," हे माझ्यासाठी, हळू आवाजात. मग बोटाने चाचपत त्या ठळक शिरेवरून सरळ पुढे गेल्या. "ती दाखवायची शीर. सरकते. कामाची ही," म्हणून त्यांनी माझं बोट जिथे टेकवलं तिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. दाबल्यावर मात्र बोटाखाली काहीतरी मऊ, उसळतं लागलं. अंगठ्याने कातडी खाली ताणून धरली, सुई जवळजवळ आडवीच घातली. मागच्या नळीत लाल ठिपका उमटला तशी सुई आणखी आडवी केली, जेमतेम पुढे नेली, आणि वरची प्लॅस्टिकची नळी अलगद आत सरकवली. जायफळ संपून विषय वेलदोड्याच्या भावावर आला होता. आजी म्हणाल्या, "टोचणार कधी?" टोचून, चिकटवून, तारीख-वेळ लिहून झालेलं होतं. मग आजी माझ्याकडे वळल्या, "शीक जरा त्यांच्याकडून."

नाईलाजाने शिकतोय.

सीनिअर वॉर्ड कसा चालवतात हे मला कळलं ते मात्र बेड बाराच्या आजोबांमुळे. आजोबा रिटायर्ड, पेठेतले, घरून आणलेली वही आणि घड्याळ जवळ बाळगणारे. त्यांना पाचशे मिलीची बाटली आठ तासांत द्यायची होती. साध्या सेटला मिलीला वीस थेंब धरले तर मिनिटाला एकवीस थेंब पडतात. मी हिशेब करून, थेंब मोजून नळीवरचा वेग ठरवणारा रोलर लावला आणि वळलो तर बेल. "ब्रदर, तेवीस पडतायत." एकवीस केले. बेल. "आता एकोणीस." आजोबा हात हलवतात, थेंब बदलतात, थेंब बदलले की आजोबा बेल दाबायला हात हलवतात. वैतागून मी इनचार्जकडे गेलो. त्या गेल्या आणि आजोबांना म्हणाल्या, "काका, आमच्या पोरांचं अक्षर बघताय ना? तुमचा इनटेक-आउटपुट तुम्हीच लिहा बरं." बेल थांबली. संध्याकाळी वही पाहिली. "चहा, ८० मिली (कप अर्धाच भरून दिला होता). पाणी, ५० मिली. लघवी, २१० मिली (पातळी डोळ्यांसमोर धरून पाहिली)." खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. डॉक्टरांनी राउंडला माझा चार्ट बाजूला ठेवून ती वही पाहिली. इनचार्ज काही बोलल्या नाहीत. मलाच ऐकू आलं.

वॉर्डातल्या साफसफाईच्या मावशींबद्दल थोडक्यात, कारण त्या रागावतात. कॉलेजात २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मी पाठ केले होते: पिवळ्यात रक्ताचा कापूस, लालमध्ये प्लॅस्टिकच्या नळ्या, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. आमच्या मावशींना हे नियम लांबून, पाठमोऱ्या, नुसत्या आवाजावरून लागू करता येतात. "ब्रदर, लालमध्ये कापूस पडला." पडलेला असतो.

नाईटला एकच पथ्य. "आज शांत आहे" असं म्हणायचं नाही. नवा इंटर्न हमखास म्हणतो. सिस्टर हातातलं विणकाम खाली ठेवतात, त्याच्याकडे एकदा बघतात आणि उठून मॉनिटरच्या वायरी तपासू लागतात. थोड्याच वेळात लिफ्टचं दार उघडतं. याला शास्त्रीय आधार नाही, हे मलाही कळतं. तरी मी तो शब्द ड्यूटीवर काढत नाही. पहाटे तीनच्या चहाला कुणाच्या तरी डब्यातला चिवडा निघतो आणि इनचार्जबद्दल जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात माझंही थोडं योगदान आहे.

ड्यूटीचा चार्ट लागला की वॉर्डातलं राजकारण कळतं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड सगळं बंद, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. हडपसरच्या सिस्टर म्हणाल्या बस नाही. कात्रजच्या म्हणाल्या रिक्षा नाही. "आणि तू रे?" मी अभिमानाने सांगितलं, "सदाशिव पेठ." "म्हणजे चालत येशील." अशा रीतीने गणपतीच्या ऐन मध्यात राहून मी एकाही गणपतीचं विसर्जन पाहिलं नाही. गर्दीतून अंग चोरत, ढोलांच्या दणक्यात छातीचे ठोके चुकवत वॉर्डात पोचलो तर पांढऱ्या शर्टावर गुलाल. इनचार्ज म्हणाल्या, "दर्शन झालं, आता हात धू. कोपरापर्यंत." रात्री सुटका करायला येणारा ब्रदर अलका चौकात अडकला, म्हणून मला डबल ड्यूटी. इनचार्जही थांबल्या, त्यांना थांबायची गरज नसताना. ढोल वाजवून बोटं फुटलेली, उपाशीपोटी चक्कर आलेली पोरं खाली कॅज्युअल्टीत येत होती. मध्येच त्यांनी माझ्या हातात डबा कोंबला, "खा. तू पडलास तर तुला कोण उचलणार? उचलायला तूच आहेस."

परवा मेट्रन मॅडमनी, म्हणजे हॉस्पिटलातल्या साऱ्या नर्सेसच्या प्रमुखांनी, मला आयसीयूत मागितलं. इनचार्ज तडक त्यांच्या केबिनमध्ये. दार नीट लागत नाही, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"माझा मुलगा मी देणार नाही."

"तयार झालाय, आयसीयूत उपयोग होईल."

"तयार कुठला? अक्षर वाईट आहे. ओव्हरला अजून 'थोडं' म्हणतो. आणि मेल कॅथेटर कोण घालणार? वरचा कप्पा कोण उघडणार?"

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. निकाल असा लागला की मी वॉर्डातच राहीन, पण आठवड्यातल्या दोन नाईट आयसीयूला देईन. तिथल्या सीनिअर सिस्टरना काल भेटायला गेलो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं नाही. नुसतं विचारलं, "पेन आणलंयस का स्वतःचं?"